जड जॅकची वाहनातील बांधणी

रुतलेली जीप उचलण्यासाठी बाळगावयाचा चार फुटी ‘हाय-लिफ्ट’ जॅक सुमारे १३ किलोग्रॅम वजनाचा असतो. ताशी ५० किलोमीटर वेगाची जीप आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर तो जागी धरून ठेवण्यास सरासरी २,५०० न्यूटन, म्हणजे त्याच्या वजनाच्या जवळजवळ वीसपट, बल लागते. रबरी दोरी येथे निरुपयोगीच. ती ताणली जाते आणि तेवढ्यात जॅक प्रवाशाच्या मस्तकापर्यंत पोचतो. नुसता जाड बोल्टही पुरेसा नव्हे, कारण बोल्ट टिकला तरी भोवतालचा पातळ पत्रा फाटतो. म्हणून पत्र्याखाली रुंद पोलादी पट्टी घालून भार पसरवावा, अथवा बांधणी सांगाड्यालाच जोडावी. हादऱ्यांनी नट सैल होतात. तेथे लॉकनट योजावेत. जॅक बाहेर बसविल्यास त्याच्या खिट्ट्यांत चिखल साचतो खरा. परंतु तो धुऊन काढता येतो.