जुन्या वाहनासाठी सुसंगत इंधन इंजेक्टरची निवड

जुन्या वाहनाच्या इंजिनातील झिजलेल्या किंवा निकामी इंधन इंजेक्टरच्या (अंतःक्षेपकाच्या) जागी त्याच इंजिनाच्या रचनेशी जुळणारा दुसरा इंजेक्टर निवडण्याच्या प्रक्रियेस सुसंगत इंधन इंजेक्टरची निवड असे म्हणता येईल. सुसंगती दोन पातळ्यांवर पाहावी लागते. इंजेक्टर इंजिनाच्या खाचेत बरोबर बसणे ही पहिली पातळी होय. त्याने ठरलेल्या दाबाने, ठरलेल्या आकाराचा आणि ठरलेल्या प्रमाणाचा फवारा देणे ही दुसरी. पहिली अट पूर्ण झाली म्हणजे दुसरी आपोआप पूर्ण होते असे नाही. जुन्या वाहनांच्या दुरुस्तीत होणाऱ्या बऱ्याच चुकांचे मूळ या गैरसमजात असते.

पार्श्वभूमी

भारतातील बहुतेक जुन्या पेट्रोल मोटारींत कार्ब्युरेटर असे. त्यामुळे त्यांच्या बाबतीत इंजेक्टरचा प्रश्न उद्भवत नाही. डिझेल इंजिनाला मात्र इंजेक्टर अनिवार्य असतो, म्हणून महाराष्ट्रात हा विषय प्रामुख्याने जुन्या डिझेल जीपगाड्यांशी निगडित आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. प्रारंभीच्या जीप पेट्रोलवर चालत. पुढे इंधनाचा खर्च कमी असल्याने डिझेल जीपचा प्रसार झाला.

मराठवाड्यातील ग्रामीण प्रवासी वाहतुकीत या जीपगाड्यांना विशेष स्थान राहिले. बीड जिल्ह्यातील परळी वैजनाथ, अंबाजोगाई यांसारख्या गावांना भोवतालच्या खेड्यांशी जोडणारी ‘काळी-पिवळी’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. यांतील काही गाड्या आजही शेतीच्या कामासाठी, तर काही हौसेखातर जतन केल्या जातात. त्यांचे सुटे भाग शोधताना एक अडचण येते. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या जीपमध्ये दोन निराळ्या कुळांची डिझेल इंजिने आढळतात आणि त्यांचे इंजेक्टर एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

इंजेक्टरचे कार्य

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवा अतिशय तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. इंधन पंपाकडून येणाऱ्या डिझेलचा दाब विशिष्ट मर्यादेस पोहोचला की इंजेक्टरमधील स्प्रिंगने दाबून धरलेली सुई उचलली जाते व नोझलमधून फवारा बाहेर पडतो. दाब उतरताच सुई पुन्हा आपल्या जागी घट्ट बसते. चारघाती इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. प्रत्येक वेळी त्याला जेमतेम एक ते दोन सहस्रांश सेकंद मिळतो. एवढ्या अल्प अवधीत इंधनाचे सूक्ष्म तुषार होऊन ते हवेत मिसळले पाहिजेत. म्हणूनच फवाऱ्याचा आकार ज्वलनकक्षाच्या आकाराशी जुळावा लागतो.

ज्वलनकक्ष आणि नोझलचे प्रकार

अप्रत्यक्ष अंतःक्षेपण : या रचनेत मुख्य सिलिंडरला जोडून एक लहान भोवरा-कक्ष असतो व इंधन त्यात फवारले जाते. हवा वेगाने घुसळली जात असल्याने एकाच धारेचा फवारा पुरेसा होतो. त्यासाठी सुईच्या टोकाला खुंटीसारखा भाग असलेले पिंटल नोझल वापरतात. ते साधारणतः १०० ते १५० बार दाबास उघडते. प्यूजो कंपनीच्या परवान्याने महिंद्रने वापरलेले एक्सडीपी ४.९० हे इंजिन या प्रकारचे आहे. नावातील ४ हा आकडा सिलिंडरांची संख्या आणि ९० हा सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवतो. इंजिनाची क्षमता २,११२ घनसेंमी आहे. हिंदुस्थान मोटर्सच्या अँबेसिडर मोटारीतील १,४८९ घनसेंमीचे डिझेल इंजिनही अप्रत्यक्ष अंतःक्षेपणाचेच होते.

प्रत्यक्ष अंतःक्षेपण : या रचनेत इंधन थेट दट्ट्याच्या माथ्यावरील वाटीसारख्या खोलगट भागात फवारले जाते. हवेची घुसळण तुलनेने कमी असल्याने इंधन पसरवण्याचे काम नोझललाच करावे लागते. त्यासाठी अनेक बारीक छिद्रांचे नोझल वापरतात. ते साधारणतः १७५ ते २५० बार दाबास उघडते. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टर-इंजिनावरून विकसित झालेले महिंद्रचे २,५२३ घनसेंमीचे एमडीआय इंजिन या प्रकारात मोडते.

निवडीचे निकष

पर्यायी इंजेक्टर निवडताना पुढील बाबी क्रमाने पडताळतात.

१. इंजिनाची ओळख : जुन्या वाहनात मूळ इंजिन बदलून दुसरे बसवलेले असण्याची शक्यता असते. म्हणून वाहनाच्या नावावरून किंवा नोंदणीच्या वर्षावरून निष्कर्ष न काढता इंजिनावर कोरलेला क्रमांक व प्रकार पाहावा.

२. नोझलचा प्रकार व क्रमांक : पिंटलच्या जागी पिंटल आणि बहुछिद्रीच्या जागी बहुछिद्री नोझलच हवे. बहुछिद्री नोझलमध्ये छिद्रांची संख्या, त्यांचा व्यास आणि फवाऱ्याचा कोन हे तिन्ही जुळावे लागतात.

३. उघडण्याचा दाब : इंजिन-निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला दाब प्रमाण मानावा. स्प्रिंगवरील पातळ चकत्या बदलून किंवा काही रचनांत स्क्रू फिरवून तो जुळवता येतो. एका इंजिनातील सर्व इंजेक्टरचा दाब शक्य तितका समान ठेवतात.

४. बाह्य मापे : धारकाची लांबी, आटे, इंधननळीची जोडणी, परतीच्या नळीची जागा आणि नोझलचे टोक ज्वलनकक्षात किती पुढे येते, ही मापे तपासतात. तळाच्या तांब्याच्या वॉशरची जाडी बदलली तरी टोकाची खोली बदलते. जुन्या वॉशरवर नवा वॉशर चढवणे हा चुकीच्या जोडणीचा नेहमीचा प्रकार आहे.

५. पंपाशी मेळ : इंधनाचे प्रमाण पंप ठरवतो, फवारा नोझल घडवते. दोन्ही एकमेकांस अनुरूप असावे लागतात. म्हणून नोझल बदलताना पंपाचे कॅलिब्रेशन तपासून घेणे हितावह ठरते.

क्रमांकाचे वाचन

नोझलच्या अंगावर बारीक अक्षरांत प्रकार-क्रमांक कोरलेला असतो. बॉश पद्धतीत ‘डीएन’ने सुरू होणारा क्रमांक पिंटल नोझलचा, तर ‘डीएलएल’ने सुरू होणारा क्रमांक लांब दांड्याच्या बहुछिद्री नोझलचा असतो. अक्षरांनंतरचा आकडा फवाऱ्याचा कोन सांगतो. उदाहरणार्थ, ‘डीएलएलए १५० पी’ यातील १५० म्हणजे १५० अंश. त्यापुढील अक्षर नोझलचा आकारगट दाखवते. शेवटचा आकडा त्या विशिष्ट नोझलची ओळख असतो. तो वेगळा असेल, तर बाकी सर्व अक्षरे जुळूनही नोझल भिन्न असू शकते.

भारतात अशा नोझलचा मोठा पुरवठा १९५१ मध्ये स्थापन झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीकडून, म्हणजेच ‘मायको’कडून होत असे. तिचा नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील कारखाना इंजेक्टर व नोझलसाठी ओळखला जातो. शहरातील ‘मायको सर्कल’ या चौकाच्या नावातही तिची खूण आहे. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले. त्यामुळे जुन्या नोझलवर ‘मायको’ आणि नव्या वेष्टनावर ‘बॉश’ असे दिसते. अशा वेळी नाव न पाहता क्रमांक ताडून पाहावा.

बसवण्यापूर्वीची चाचणी

नवा इंजेक्टरही चाचणीयंत्रावर तपासून मगच बसवतात. पंप-नोझलचे काम करणाऱ्या कार्यशाळेत हे यंत्र असते. त्यावर चार गोष्टी पाहतात : उघडण्याचा दाब, फवाऱ्याचा आकार, सुईच्या हालचालीचा करकर असा आवाज आणि गळती. गळती तपासताना उघडण्याच्या दाबापेक्षा सुमारे २० बार कमी दाब १० सेकंद टिकवून धरतात. या काळात नोझलच्या टोकावरून थेंब पडता कामा नये.

चाचणी चालू असताना फवाऱ्यासमोर हात नेणे अत्यंत धोकादायक असते. या दाबाचे इंधन त्वचा भेदून शरीरात शिरते. वरून जखम टाचणी टोचल्यासारखी क्षुल्लक दिसली, तरी आतील ऊती नष्ट होऊन बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशी दुखापत झाल्यास दुखू लागण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठणे आवश्यक असते.

पेट्रोल इंजिनातील इंजेक्टर

१९९० च्या दशकात भारतात इलेक्ट्रॉनिक अंतःक्षेपणाच्या पेट्रोल मोटारी येऊ लागल्या व त्यांची गणनाही आता जुन्या मोटारींत होऊ लागली आहे. यांच्या इंजेक्टरमध्ये विद्युतचुंबकाने झडप उघडते. निवड करताना मिनिटाला किती इंधन सोडले जाते हे प्रवाहमान, त्यासाठी गृहीत धरलेला दाब, वेटोळ्याचा विद्युतरोध, फवाऱ्याची दिशा आणि जोडणीचा प्रकार पाहावा लागतो.

प्रवाहमान काढण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. ७५ किलोवॉट (सुमारे १०० अश्वशक्ती) क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन प्रति किलोवॉट-तास ३०० ग्रॅम पेट्रोल घेते असे मानल्यास तासाला २२.५ किलोग्रॅम, म्हणजे मिनिटाला ३७५ ग्रॅम इंधन लागते. प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला सुमारे ९४ ग्रॅम येते. इंजेक्टर जास्तीत जास्त ८० टक्के वेळ उघडा राहावा असे धरले, तर त्याची क्षमता मिनिटाला सुमारे ११७ ग्रॅम, अर्थात १६० घनसेंमीच्या आसपास हवी. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून २.५ बारला १६० घनसेंमी देणारा इंजेक्टर ३ बारला सुमारे १७५ घनसेंमी देतो. दाब न सांगता दिलेले प्रवाहमान यामुळे निरुपयोगी ठरते.

विद्युतरोधाबाबत दोन गट आढळतात : साधारण १२ ते १६ ओहमचे आणि साधारण २ ते ३ ओहमचे. जास्त रोधासाठी रचलेल्या नियंत्रकाला कमी रोधाचा इंजेक्टर जोडल्यास कित्येक पट विद्युतप्रवाह वाहून नियंत्रक जळू शकतो. तसेच इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुन्या प्रकारचे रबर खराब होऊ शकते. त्यामुळे इंजेक्टरसोबत इथेनॉलला टिकणारी रबरी कडी व नळ्या बसवतात. तेथील गळतीतून आग लागण्याचा धोका असतो.

विसंगत निवडीचे परिणाम

कमी दाबास उघडणारे किंवा ठिबकणारे नोझल जाड थेंब सोडते. न जळलेले इंधन काळ्या धुरावाटे बाहेर पडते व काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून तेलात मिसळतो. तेलाची पातळी न भरता वाढलेली दिसणे हे त्याचे लक्षण होय. तेल पातळ झाल्याने बेअरिंग झिजतात. फवाऱ्याचा कोन चुकल्यास ज्वाला दट्ट्याच्या एकाच जागी आदळते आणि कालांतराने तेथे भोकही पडू शकते. अशा रीतीने नोझलसारख्या लहान भागातील चूक संपूर्ण इंजिन उघडण्याच्या खर्चापर्यंत जाते. भाड्याने चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत तितके दिवस उत्पन्नही थांबते.

कायदेशीर बाजू

भारत स्टेज चारपूर्वीच्या डिझेल वाहनांसाठी प्रदूषण तपासणीत धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज एकक आहे. बिघडलेले नोझल हे या तपासणीत नापास होण्याचे एक प्रमुख कारण असते. समान प्रकारचा इंजेक्टर बसवणे ही दुरुस्ती मानली जाते. इंजिनच बदलल्यास मात्र नोंदणी प्रमाणपत्रात तशी नोंद करून घ्यावी लागते. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी मिळू शकते. त्यासाठी इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत अशी अट आहे. त्यामुळे अशा वाहनाच्या मालकास सहज मिळणारे दुसरे इंजिन बसवण्यापेक्षा मूळ इंजिनासाठी योग्य क्रमांकाचे नोझल शोधणे अधिक श्रेयस्कर ठरते.