चोरीला गेलेले नाव : पहिल्या तासांत काय करावे

घरफोडी झाली तर निदान तुटलेले कुलूप दिसते. ओळखचोरीत तसे काही दिसत नाही. आपला आधार क्रमांक, पॅन, मोबाइल क्रमांक यांच्या आधारे कोणी परस्पर खात्यातून रक्कम काढतो, सिमकार्ड घेतो वा कर्ज उचलतो आणि आपल्याला कळते ते वसुलीचा फोन आल्यावर. प्रवेश, शिष्यवृत्ती, वसतिगृह, रेशन, प्रत्येक हक्कासाठी आपल्या कुटुंबांना कागद पुढे करावा लागतो. त्या कागदांच्या छायाप्रती कोठकोठे पडून आहेत, हे आपल्यापैकी कोणीच सांगू शकणार नाही.

अशा वेळी बहुतेक जण प्रथम बँकेच्या शाखेकडे धाव घेतात. आमच्या मते सुरुवात मोबाइल क्रमांकापासून करावी, कारण बँक, ईमेल, आधार या सर्वांचा ओटीपी तेथेच येतो. फोनचे नेटवर्क अकस्मात गेले आणि शेजारी त्याच कंपनीच्या फोनला मात्र ते व्यवस्थित आहे, तर आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले असण्याची शंका घ्यावी. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला कळवून सिम बंद करावे; लगेच बँकेला सांगून खाते, कार्ड व यूपीआय थांबवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तक्रार नोंदवावी. चोरीची रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तेथून तिसऱ्यात सरकत असते. ती जेथे पोहोचली असेल तेथे रोखून धरण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक येथे कामी येते. चूक ना ग्राहकाची ना बँकेची, अशा व्यवहाराची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास ग्राहकावर तोशीस पडत नाही. चार ते सात दिवसांत दिल्यास ती मर्यादित राहते. ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून तोंडी सांगून घरी परतू नये. लेखी अर्जाची पोच आणि तक्रार क्रमांक घ्यावा.

यानंतर ईमेल व व्हॉट्सअ‍ॅप. पासवर्ड बदलावेत, इतर सर्व उपकरणांवरून खाते बाहेर काढावे आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करावी. मात्र लग्नपत्रिका किंवा वाहतूक चलान म्हणून आलेली एपीके फाइल उघडल्यानंतर हे घडले असेल, तर त्याच फोनवर पासवर्ड बदलणे म्हणजे चोरासमोरच नवी किल्ली घडवणे होय. अशा फोनचे इंटरनेट तोडावे, सुरक्षित फोनवरून पासवर्ड बदलावेत आणि छायाचित्रे काढून घेऊन तो फोन मूळ स्थितीत आणावा.

आधारचे बायोमेट्रिक्स कुलूपबंद करता येतात. त्यामुळे बोटांच्या ठशांवर कोणी पैसे काढू शकत नाही. गरजेपुरते ते उघडताही येतात. ‘संचार साथी’वर आपल्या नावाने किती मोबाइल जोडण्या चालू आहेत ते दिसते, अनोळखी क्रमांक तेथेच कळवावेत. सिबिलसह चारही पतमाहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य देतात. त्यात न घेतलेले कर्ज आढळल्यास त्या कंपनीकडे व कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी हरकत घ्यावी.

माजी विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. थोड्या पैशांच्या बदल्यात बँक खाते ‘वापरायला’ मागणारे लोक महाविद्यालयांच्या आसपास असतात. त्या खात्यावरून चोरीचा पैसा फिरतो. पुढे खाते गोठते, त्याच खात्यात येणारी शिष्यवृत्ती अडकते आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. मुलगा भीतीपोटी गप्प राहतो, कारण घरी पहिला प्रश्न ‘तुला अक्कल नव्हती का?’ हाच येणार, हे त्याला ठाऊक असते. पालकहो, तो प्रश्न चार दिवस थांबू शकतो. १९३० ला फोन थांबू शकत नाही.

बँकेचा मदतक्रमांक व फोनचा आयएमईआय क्रमांक वहीत लिहून घरी ठेवावा. फोन हरवल्यास पोलीस तक्रार देऊन ‘संचार साथी’वरून तो बंद करताना आयएमईआय लागतो. तो खोक्यावर छापलेला असतो. खोके रद्दीत देऊ नये.