टँकरचा भाव कोणी ठरवायचा?

लेखमाला : बाजाराची गणितं | लेखांक १२

टंचाई आली की भाव चढतो. चढलेला भाव लांबचा माल ओढून आणतो आणि वापरणाऱ्याला हात आखडता घ्यायला लावतो. मागच्या आठवड्यात आपण इथवर आलो होतो. कांदा-टोमॅटोपुरतं हे पटतंही. पण पूर, दुष्काळ, साथीचा रोग अशा वेळी विक्रेत्याने भाव वाढवला तर तो बाजाराचा नियम म्हणून सोडून द्यायचा, की गुन्हा म्हणून अडवायचा? या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात शोधण्यापेक्षा बंगळूरच्या २०२४ च्या उन्हाळ्यात शोधलेलं बरं.

आदेश निघाला, मग?

२०२३ चा पाऊस दगा देऊन गेला. कर्नाटक सरकारने २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळग्रस्त जाहीर केले. मार्च २०२४ मध्ये मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी राजधानीचा हिशेब मांडला. शहराला रोज २६० कोटी लिटर पाणी लागतं. त्यातलं १४७ कोटी लिटर कावेरीतून येतं, ६५ कोटी लिटर बोअरवेलमधून, आणि ५० कोटी लिटरच्या आसपास तूट आहे. १४ हजार सरकारी बोअरवेलपैकी ६,९०० आटल्या होत्या.

ही तूट सगळ्यांच्या वाट्याला सारखी आली नाही. कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून येतं आणि जवळजवळ ५०० मीटर वर चढवावं लागतं. ते जुन्या शहरात पोचतं. महापालिकेत नंतर सामील झालेल्या ११० गावांत आणि व्हाइटफिल्ड, महादेवपुरासारख्या आयटीच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी नळच पोचला नव्हता. तिथल्या उंच सोसायट्या आणि त्यांच्या पलीकडच्या मजूर वस्त्या, दोन्ही बोअरवेल आणि टँकरवर जगत होत्या. एरवी १,२०० रुपयांना येणारा १२ हजार लिटरचा टँकर २ हजारांच्या वर गेल्याच्या तक्रारी येऊ लागल्या.

७ मार्चला जिल्हा प्रशासनाने दर बांधून दिले. पाच किलोमीटरच्या आत ६ हजार लिटरला ६०० रुपये, ८ हजारला ७०० आणि १२ हजारला १,०००. पाच ते दहा किलोमीटरसाठी अनुक्रमे ७५०, ८५० आणि १,२००. वर जीएसटी. मुदत चार महिने. टँकरवाल्यांना नोंदणीही सक्तीची केली. शहरात साडेतीन हजार टँकर असल्याचं आणि त्यातल्या जेमतेम २१९ टँकरची नोंदणी झाल्याचं उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनीच सांगितलं. आदेश निघाल्यावरही ‘या दरात गाडी येत नाही’, ‘फोन उचलत नाहीत’ अशी कुरकुर थांबली नाही. बांधलेला दर खरोखर मिळायला त्या दराने देणारा कोणीतरी लागतो, आणि त्याची सोय आदेशात नव्हती.

भाववाढीच्या बाजूने

भाववाढीला मोकळीक द्या म्हणणारे सगळेच नफेखोरांचे वकील नसतात. त्यांचं म्हणणं नीट ऐकून घ्यायला हवं. भाव चढला की तीस किलोमीटरवरचा टँकरवाला डिझेल जाळून यायला तयार होतो. हजार रुपयांच्या दरात तो येणार नाही. दुसरं, पाणी महागलं की गाडी धुणं बंद होतं, बागेची नळी गुंडाळली जाते, कोणाला नोटीस द्यावी लागत नाही. तिसरं, भाव दाबून धरला तरी टंचाई राहतेच. मग पाणी ज्याची ओळख आहे, ज्याची सोसायटी मोठी आहे किंवा जो पावतीबाहेर पैसे मोजतो, त्याच्याकडे जातं.

यातलं पहिलं म्हणणं बंगळूरनेच एकदा खरं करून दाखवलं होतं. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात बेळ्ळंदूर, येमलूर, सर्जापूर रोड पाण्याखाली गेले. लॅपटॉपची बॅग डोक्यावर घेतलेले कर्मचारी ट्रॅक्टरमधून कचेरीला निघाले. एरवी शेतात किंवा विटा-वाळू वाहण्यात असणारे ट्रॅक्टर चार पैसे दिसल्यावर रस्त्यावर उतरले आणि लोकांची सोय झाली. त्याच आठवड्यात हॉटेलच्या खोल्यांचे दर दुपटीच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या. त्या दराने मात्र शहरात एकही खोली वाढली नाही.

दोन्हीकडे भाव मागितला गेला, पण एका ठिकाणी त्यातून नवी सेवा उभी राहिली आणि दुसऱ्या ठिकाणी असलेल्याच खोल्या ऐपतीप्रमाणे वाटल्या गेल्या. बाजारवाल्यांच्या युक्तिवादात हा फरक बहुतेक वेळा राहून जातो.

लोकांना राग का येतो?

डॅनियल कानेमान, जॅक नेट्श आणि रिचर्ड थेलर या संशोधकांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी कॅनडात लोकांना एक प्रश्न विचारला. दुकानात बर्फ उपसायचं फावडं १५ डॉलरला मिळतं. हिमवादळाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदाराने ते २० डॉलरला लावलं, तर योग्य की अयोग्य? ८२ टक्के लोक म्हणाले, अयोग्य. त्याच अभ्यासात दुकानदाराचा स्वतःचा खर्च वाढला म्हणून त्याने भाव वाढवला, तर लोकांना तो फारसा खटकत नव्हता. ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही आपली म्हण अडलेल्याबद्दल आहे, पण लोकांचा राग असतो तो अडवणाऱ्यावर.

महाराष्ट्राला या रागाची ओळख आहे. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. रॉकेल, तेल, साखर वाजवी भावात द्या, ही त्यांची मागणी होती. ‘वाजवी’ भावासोबत त्या ‘द्या’ असंही म्हणत होत्या. दुकानावर पाटी लागून माल नसेल तर लाटणं पुन्हा बाहेर निघणार, हे त्या सरकारला बजावत होत्या.

भाव चढला, धान्य आलं नाही

बाजारावर सगळं सोपवण्याचा प्रयोग दख्खनच्या याच मुलखात एकदा होऊन गेला आहे. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात, व्हाइसरॉय लिटनच्या काळात, धान्याच्या खाजगी व्यापारात सरकारने हात घालायचा नाही, असं धोरण होतं. चढा भाव धान्य खेचून आणेल, असा हिशेब होता. पण मजुरीच बुडालेल्या माणसाच्या हातात भाव मोजायला काही नव्हतं. धान्य भुकेमागे जात नाही, पैशामागे जातं. १८७१ च्या शिरगणतीत ५० लाख असलेली म्हैसूर संस्थानाची लोकसंख्या १८८१ मध्ये ४२ लाखांच्या आसपास उतरली.

शंभर वर्षांनी महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. १९७२-७३ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये सुमारे ५० लाख माणसं होती. हातात मजुरी आली, तेव्हा चढ्या भावातही धान्य घेता आलं. अमर्त्य सेन यांनी पुढे दुष्काळाची जी मांडणी केली तिचा गाभा हाच आहे: बाजारात धान्य असणं पुरेसं नाही, ते मिळवण्याची ऐपत माणसाकडे हवी.

मग नियम काय असावा?

एवढ्या उदाहरणांतून तीन प्रश्न हाती लागतात.

पहिला : भाव वाढल्याने संकट टळायच्या आत नवा माल येणार आहे का? ट्रॅक्टर आला. बंगळूरच्या टँकरबाबत उत्तर निम्मंच होकारार्थी आहे. लांबचे काही टँकर येतीलही, पण त्यांचं पाणी जमिनीखालचंच. जास्त भाव म्हणजे जास्त खोल बोअरवेल, आणि हजार फुटांवर उपसा करणारा शेजारच्याच्या चारशे फुटांच्या बोअरवेलचं पाणी ओढतो. इथे भाववाढ पाणी फारसं वाढवत नाही, त्याची जागा बदलते.

दुसरा : घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येतं का? हॉटेलची खोली नाकारून मित्राच्या घरी राहता येतं. पिण्याचं पाणी नाकारता येत नाही.

तिसरा : घेणाऱ्यांची ऐपत किती वेगळी आहे? बंगळूरच्या जलमंडळाचा घरगुती पाण्याचा सर्वांत खालचा दर तेव्हा हजार लिटरला ७ रुपये होता. सरकारने बांधून दिलेला, म्हणजे ‘स्वस्त’ टँकरसुद्धा हजार लिटरला किमान ८३ रुपयांना पडत होता. नळ नसलेला माणूस कायदेशीर दरानेही जवळजवळ बारापट मोजत होता. ही तफावत टँकरवाल्याने निर्माण केलेली नाही. ११० गावं शहरात घेऊन वर्षानुवर्षं नळ न देणाऱ्या कारभाराने ती केली आहे.

माझ्या मते पहिल्याचं उत्तर ‘हो’ असेल तर भावाला वाव द्यावा, पण आधी जाहीर केलेल्या मर्यादेत. केंद्राने २०२५ मध्ये ॲपवरच्या टॅक्सीला मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंतची मुभा दिली, ती याच धाटणीची. उत्तर ‘नाही’ असेल आणि वस्तू जीवनावश्यक असेल तर भाव बांधावाच. मात्र जो भाव बांधेल त्याने पुरवठाही उभा केला पाहिजे.

असं करता येतं. २१ मार्च २०२० ला केंद्राने तीनपदरी मास्कला १० रुपये आणि २०० मिलिलिटर सॅनिटायझरला १०० रुपये अशी कमाल किंमत घातली. त्याच सुमारास मद्याच्या आणि साखर कारखान्यांच्या आसवन्यांना सॅनिटायझर बनवायचे परवाने दिले. माल आला, म्हणून भाव टिकला. जुलैमध्ये दोन्ही वस्तू जीवनावश्यकच्या यादीतून काढताही आल्या. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेलं, तेव्हाही सरकारने नुसता टँकरचा दर लिहून दिला नव्हता, पाणी पोचवलं होतं.

बंगळूरचंही खरं उत्तर उशिरा आलं. १६ ऑक्टोबर २०२४ ला कावेरी योजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला. या ११० गावांसाठी रोज ७७.५ कोटी लिटरची त्याची क्षमता आहे. पुढच्या वर्षी जलमंडळाने स्वतःच टँकरने कावेरीचं पाणी द्यायला घेतलं. खाजगी टँकरवाल्यासमोर सरकारी टँकर उभा राहिला, तर त्याच्या दराला लगाम बसतो. त्यासाठी पोलीस लागत नाहीत.

भाववाढ करणाऱ्याला दंड जरूर करा, पण संकट येण्याआधीच्या महिन्यांत पुरवठा न उभारणाऱ्यालाही जाब विचारा. टँकर घेणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. दर, लिटर आणि पाणी कोणत्या बोअरवेलचं, या तीन गोष्टी जानेवारीपासूनच पावतीवर लिहून मागा. एप्रिलमध्ये भाव वाजवी की अव्वाच्या सव्वा, हे ठरवायला तोच पुरावा कामी येईल.

(पुढील लेखांक : पाकिटावरची छापील किंमत नेमकी कोणाच्या फायद्याची?)