बीटी कपाशीच्या बोंडात अळी येतेच कशी?

दिवाळीला गावी गेलो होतो. काकांनी एक हिरवं बोंड फोडून माझ्यासमोर धरलं. आत गुलाबी बोंडअळी, सरकी पोखरलेली. "अरे, पाकिटावर तर बीटी छापलंय. तुझ्या मोबाईलला विचार बरं!"

आधी वाटलं, बियाणं बोगस असेल. म्हणून स्ट्रिप टेस्ट केली. पान कुटायचं, रसात पट्टी बुडवायची, अगदी कोविडच्या किटसारखी. दोन रेषा आल्या! म्हणजे अळी मारणारं प्रथिन पानात होतं. पण अळी पान कुठे खात होती?

बीटी जनुक झाडाच्या प्रत्येक पेशीत असतं, हे खरं. पण जनुक असणं वेगळं आणि त्यापासून पुरेसं प्रथिन बनणं वेगळं. ॲप इन्स्टॉल आहे, पण सगळीकडे सारखं चालत नाही, असं समजा. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2005 मध्ये हे मोजून दाखवलं. क्राय-1-एसी हे प्रथिन पानांत सर्वात जास्त, पात्या-बोंडं-फुलांत त्याहून कमी, आणि बोंडाच्या सालीत तर अपुरंच. झाड जुनं होईल तसं ते आणखी घटतं. फरदड घेऊ नका म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता खरी गंमत सरकीत आहे. आपल्याकडची बीटी कपाशी बहुतेक संकरित. आईबापांपैकी एकाकडूनच जनुक आलं असेल, तर झाडात त्याची एकच प्रत असते. साल त्या झाडाचीच, म्हणून तिथे जनुक आहेच. पण सरकीतला अंकुर म्हणजे पुढची पिढी! तिथे वाटणी नव्याने होते. मेंडेलच्या हिशोबाने 4 पैकी 1 सरकी जनुकाशिवाय निघते. 2006 नंतरच्या बियाण्यात दोन जनुकं आहेत. ती स्वतंत्रपणे वाटली गेली तर 16 पैकी 9 सरक्यांत दोन्ही, 6 मध्ये एकच आणि 1 मध्ये काहीच नाही. एकाच बोंडात अशी सरमिसळ! अळीला कुठे पूर्ण डोस, कुठे अर्धा, कुठे शून्य. अर्ध्या डोसात जगलेल्या अळ्यांची पिल्लं आणखी चिवट होत जातात. 2017 मध्ये महाराष्ट्राने त्याचा फटका चांगलाच खाल्ला.

कागदावर हे गणित मांडलं तेव्हा काका गप्प झाले. मग कोपऱ्यातली गोणी दाखवली. पुढच्या वर्षी पेरायला याच कपाशीची सरकी त्यांनी बाजूला काढली होती.

"मग ही म्हशीलाच घालू म्हणतोस?"

"हो काका, घाला."