पाय फाकू न देणारी नस

आवणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या खाचरांतून माणसं रोपांच्या जुड्या घेऊन ओल्या बांधांवरून झपाझप जातात. एखादं पाऊल बाहेर सटकतं, पाय फाकू लागतो, आणि मांडीच्या आतले स्नायू त्याला लगेच मागे ओढतात. त्यांतल्या बहुतेकांना हुकूम पोहोचवते ती ऑब्ट्युरेटर नस.

काम मांडीत, पण उगम कमरेत! कमरेच्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मज्जातंतूंचे फाटे सोआस नावाच्या जाड स्नायूत एकत्र येतात आणि ही नस तयार होते. मग ती ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीला लागून पुढे सरकते. बायकांमध्ये बीजांड तिच्या अगदी शेजारी असतं. म्हणून बीजांडाचं दुखणं कधीकधी मांडीच्या आतल्या बाजूला जाणवतं.

पुढे कटीच्या हाडात एक मोठं भोक लागतं. ते पडद्याने जवळजवळ बंदच असतं. वरच्या कडेला तेवढी दोन-तीन सेंटिमीटर लांबीची वाट उरते. तिच्यातूनच नस मांडीत शिरते. कृश, वयस्कर बाईचं आतडं क्वचित याच वाटेत अडकतं. अशा वेळी पोटाच्या दुखण्यासोबत मांडीच्या आतल्या बाजूने गुडघ्यापर्यंत कळ जाते, आणि जाणता डॉक्टर त्या कळेवरून पोटातला धोका ओळखतो.

मांडीत नसेचे दोन फाटे होतात. अ‍ॅडक्टर ब्रेव्हिस या स्नायूच्या पुढून एक जातो, मागून दुसरा. पुढचा काही स्नायूंबरोबर मांडीच्या आतल्या कातडीलाही संवेदना देतो. मागचा अ‍ॅडक्टर मॅग्नस या सर्वांत मोठ्या स्नायूकडे वळतो. पण त्या स्नायूचा मागचा भाग सायटिक नसेच्या ताब्यात असतो. एकाच स्नायूचे दोन मालक!

खरी गंमत सांध्यांची. हीच नस खुब्याला आणि गुडघ्याला, दोघांनाही धागे पुरवते. खुब्यातून आलेली तक्रार मेंदू कधीकधी गुडघ्याच्या नावावर लिहितो. मुंबईचा नळ कोरडा पडला, तर नजर शहापूरच्या भातसा धरणाकडेही जायला हवी; तसंच इथेही. गुडघा धरून लंगडणाऱ्या मुलाचा गुडघा तपासणीत निर्दोष निघाला, तर दुखणं खोटं समजून त्याला घरी पाठवू नये. आधी त्याचा खुबा तपासावा.