मधल्या माणसाचा भरवसा

आखाती देशांत नोकरीस गेलेली आपली माणसे सुटीवर घरी येतात, तेव्हा त्यांच्या मोबाईलमध्ये किल्लीचे किंवा ढालीचे एक लहानसे चित्र पुष्कळदा दिसते. ते काय म्हणून विचारले, तर ‘व्हीपीएन’ एवढेच उत्तर मिळते. “हे लावले की आपण कोठे जातो, काय पाहतो, ते कोणास कळत नाही,” असे पुढे सांगतात. घरची वडीलधारी मंडळी मान डोलावतात आणि विषय तेथेच संपतो. आता कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या मोबाईलमध्येही ते चित्र दिसू लागले आहे, आणि बहुधा ते फुकट मिळालेले असते. तेव्हा ‘कोणास कळत नाही’ या तीन शब्दांची थोडी चौकशी करणे भाग आहे.

समजा, आपणास एक पत्र धाडावयाचे आहे. परंतु ते कोणास धाडले हे गावच्या पोस्टमनला कळू नये, अशी इच्छा आहे. आपण ते पत्र पाकिटात घालतो, ते पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालतो आणि त्यावर परगावच्या एका गृहस्थाचा पत्ता लिहितो. तो गृहस्थ बाहेरचे पाकीट फोडतो आणि आतले पाकीट आपल्या नावाने पुढे टाकतो. उत्तरही त्याच्याकडेच येते व त्याच वाटेने आपल्या हाती पोचते. पोस्टमनला दिसते ते इतकेच की, अमक्याचा त्या गृहस्थाशी पत्रव्यवहार आहे. ज्यास पत्र पोचले त्यास वाटते, ते त्या गृहस्थानेच धाडले. व्हीपीएनची सारी करामत ही एवढीच. पोस्टमनच्या जागी इंटरनेट पुरविणारी कंपनी, परगावच्या गृहस्थाच्या जागी व्हीपीएन चालविणारी कंपनी, आणि बाहेरचे पाकीट म्हणजे वाटेत कोणास उघडता येऊ नये असे सांकेतिक लिपीचे कुलूप.

पण त्या गृहस्थाचे काय? त्यास तर दोन्ही पत्ते ठाऊक! हल्ली बहुतेक संकेतस्थळांशी होणारा व्यवहार मुळातच कुलूपबंद असतो, त्यामुळे आतले पत्र त्यास वाचता येईलच असे नाही. तथापि कोणी, केव्हा आणि कोठे पत्र धाडले, हे तो मनात आणील तर वहीत टिपून ठेवू शकतो. म्हणजे भरवसा ठेवण्याची गरज काही संपली नाही. जो भरवसा गावच्या पोस्टमनवर ठेवावा लागत होता, तो आता आपण कधी न पाहिलेल्या माणसावर ठेवावयाचा.

या धंद्यातील लोकांना ही अडचण पुरेपूर ठाऊक आहे, म्हणून जवळजवळ प्रत्येक कंपनी आपल्या जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिते: ‘आम्ही नोंदी ठेवीत नाही.’ हे वाक्य छापण्यास खर्च काहीच येत नाही, आणि ते खरे की खोटे हे गिऱ्हाइकास पाहताही येत नाही. एखाद्याच्या घरी वही आहे हे दाखविता येईल. वही नाही हे बाहेरच्यास कसे दाखवावे?

२०१७ साली अमेरिकेत एका तरुणीचा इंटरनेटवरून अमानुष छळ करणारा एक इसम पकडला गेला. त्याने आपली ओळख लपविण्यास प्युअरव्हीपीएन नावाच्या कंपनीची सेवा घेतली होती. नोंदी ठेवीत नसल्याची ग्वाही देणाऱ्या त्या कंपनीच्याच दप्तरातून पोलिसांस दुवा मिळाला: एकच गिऱ्हाईक त्या इसमाच्या घरून आणि त्याच्या कामाच्या जागेवरून आले होते. कंपनीचे म्हणणे असे पडले की, कोण काय पाहतो हे आम्ही लिहीत नाही, कोण केव्हा व कोठून आला एवढेच लिहितो. गुन्हेगार सापडला हे फार चांगले झाले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु जाहिरातीतले मोठे अक्षर एक सांगते आणि दप्तर दुसरेच सांगते, हेही त्याच खटल्याने उघड केले.

त्याहून वाईट प्रकार २०२० च्या जुलैमध्ये उजेडात आला. हाँगकाँगशी संबंध असलेली, सात निरनिराळ्या नावांची सात फुकट व्हीपीएन होती. नोंदी ठेवीत नसल्याचे सारीच सांगत. शोध घेणाऱ्यांना त्यांचे एकत्रित दप्तर इंटरनेटवर कुलपाविना उघडे पडलेले आढळले. त्यात लोकांचे पत्ते होते, परवलीचे शब्दही होते. दुकानांवर पाट्या सात, पण माल एकाच वखारीतला! रंग बदलावा, नाव बदलावे, ढालीऐवजी ससा काढावा, की नवी कंपनी तयार होते.

‘फुकट’ या शब्दाचाही एक मोठा दाखला आहे. फेसबुकने २०१३ साली ओनावो ही इस्रायली कंपनी विकत घेतली. तिचे व्हीपीएन ‘तुमची माहिती सुरक्षित ठेवू’ असे सांगून फुकट वाटले जाई. प्रत्यक्षात लोक दुसरी कोणती ॲप किती वापरतात, याची माहिती त्यातून फेसबुकला धंद्यासाठी मिळत असे. जुलै २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या फेडरल न्यायालयाने याबद्दल त्या समूहाच्या दोन कंपन्यांस मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

मग माणसाने सल्ला घ्यावा तरी कोणाचा? ‘उत्तम व्हीपीएन कोणते’ हे सांगणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१७ पासून सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस अशी व्हीपीएन एकामागून एक विकत घेतली. २०२१ साली तिने अशी तुलना करून शिफारस करणाऱ्या संकेतस्थळांचा समूहही घेतला, आणि त्याच वर्षी सुमारे ९४ कोटी डॉलर मोजून एक्स्प्रेसव्हीपीएनही घेतले. शर्यतीतली घोडी आणि शर्यतीचा पंच एकाच मालकाचे असले, तर पंच खोटे बोलतो असे नव्हे. परंतु प्रेक्षकांस ते आधी ठाऊक असावे.

अशा बाजारात एखाद्या लहान, स्वतंत्र कंपनीने आपला प्रामाणिकपणा पटवावा तरी कसा? स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरातल्या एका कंपनीची हकीकत या दृष्टीने मनन करण्याजोगी आहे. तिचे नाव मुल्वाद. स्वीडिश भाषेत मुल्वाद म्हणजे जमिनीखाली बोगदे खणून राहणारा एक बारीक डोळ्यांचा प्राणी. तिच्या पाटीवर तोच, डोक्यावर कामगाराची टोपी घातलेला. २००९ साली ती सुरू झाली; तेव्हा महिन्याचा दर पाच युरो होता, आणि तोच तिने पुढेही कायम ठेवला. आजच्या भावाने पाचशे रुपयांच्या आसपास होतात. शिफारशीबद्दल कोणास दलाली देत नाही, असे ती सांगते.

परंतु खरी गंमत गिऱ्हाईक होण्याच्या रीतीत आहे. तेथे नाव, पत्ता, फोन, ईमेल यांपैकी काहीच विचारीत नाहीत. सोळा आकडी एक क्रमांक मिळतो, तेच खाते. पैसे हवे तर पाकिटात नोटा घालून टपालाने धाडावेत, सोबत खुणेची चिठ्ठी ठेवावी. पाकीट फोडून पैसे जमा करतात आणि पाकीट यंत्रात घालून त्याचे तुकडे करतात. म्हणजे ‘तुमचे गुपित आम्ही राखू’ असे या कंपनीस म्हणावयाचे नाही. तुमचे गुपित आमच्याकडे देऊच नका, असे तिचे म्हणणे आहे. या दोन वचनांत मला तरी फार मोठे अंतर दिसते. पहिले वचन देणाऱ्याची नियत बदलू शकते, कंपनी विकली जाऊ शकते, सरकारी हुकूम येऊ शकतो. जे जवळ नाहीच, ते हुकूम आला तरी देणार कोठून?

तो हुकूम आलाच. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडनच्या राष्ट्रीय पोलीस विभागाचे निदान सहा अधिकारी झडतीचे वॉरंट घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले. गिऱ्हाइकांची माहिती असलेले संगणक उचलून न्यावयाचे, असा त्यांचा बेत होता. तशी माहिती येथे नाहीच, तेव्हा जप्तीस कायद्याचा आधार राहत नाही, असे कंपनीच्या लोकांनी सांगितले आणि सेवा कशी चालते ते दाखविले. अधिकाऱ्यांनी सरकारी वकिलाचा सल्ला घेतला आणि ते काहीही न घेता परत गेले. हे सारे कंपनीनेच जाहीर केले आहे. चौदा वर्षांत अशी झडती प्रथमच झाली, असेही तिने सांगितले. मागाहून कळले की, मूळ विनंती जर्मनीतून, एका खंडणीच्या प्रकरणाच्या तपासातून आली होती.

येथे सुज्ञ वाचक थबकेल, आणि त्याने थबकावेच. खंडणी मागणाराही याच बोगद्यातून निसटू शकतो. पत्रकार, सासरच्या जाचातून सुटू पाहणारी स्त्री, बँकेचा व्यवहार करणारा साधा माणूस यांच्यासाठी लावलेले दार दुर्जनासही उघडते. कंपनीलाही हे सोसावे लागले. बाहेरून गिऱ्हाइकाच्या यंत्रापर्यंत थेट वाट करून देणारी एक सोय तिच्याकडे होती. तिचा दुरुपयोग होऊ लागला, पोलिसांच्या तक्रारी येऊ लागल्या, यंत्रे भाड्याने देणारे करार मोडू लागले. २०२३ च्या मे महिन्यात ती सोय काढून टाकण्याचे कंपनीने जाहीर केले, तेव्हा काही जुनी गिऱ्हाइके रागावून सोडून गेली. त्याआधी जून २०२२ मध्ये तिने दरमहा आपोआप पैसे कापून घेण्याची पद्धतही बंद केली होती. कारण त्यासाठी पैसे भरणाऱ्याची माहिती जपून ठेवावी लागे. कोणताही व्यापारी जी पद्धत आनंदाने चालू ठेवील, ती तिने हातची सोडली. जाहिरातीतल्या वाक्यापेक्षा मला हा तोटा अधिक बोलका वाटतो.

आपल्या देशात मात्र असे वचन देणे सोपे राहिलेले नाही. संगणक सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी हुकूम काढला की, व्हीपीएन चालविणाऱ्यांनी गिऱ्हाइकांची नावे, पत्ते, फोन क्रमांक आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद पाच वर्षे ठेवावी. कंपन्यांच्या अंतर्गत कामासाठी असलेली व्हीपीएन यातून वगळली आहेत. हुकुमानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉन आदींनी भारतातील आपली यंत्रे हलविली. तेव्हा हा हुकूम पाळून येथे सेवा चालविणारा कोणी ‘आम्हांस तुमचे नावही ठाऊक नसते’ असे म्हणू लागला, तर त्यास हुकुमाची तारीख दाखवावी. आखातात राहणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. अमिरातीत व्हीपीएनच्या आडून गुन्हा करणाऱ्यास पाच लाखांपासून वीस लाख दिरहॅमपर्यंत दंड करण्याची तरतूद २०१६ साली झाली. तेथे काय चालते नि काय नाही, हे तेथील जाणत्या माणसास विचारल्यावाचून नुसत्या ढालीच्या चित्रावर विसंबू नये.

घरातील मुलांनी फुकटचे व्हीपीएन घेतले असेल, तर त्यांजवर रागावण्यापूर्वी एवढेच विचारावे की, ते चालविणारा कोण, कोठला, आणि त्याचे पोट कशावर चालते. बहुतेकांना सांगता येणार नाही. मुल्वादचे गिऱ्हाईक निदान पाच युरो म्हणेल. त्यासही एक काळजी मात्र असतेच. तो सोळा आकडी क्रमांक कागदावर लिहून नीट जपावा लागतो, कारण तो हरवला तर आपले नाव सांगून तो परत मागता येत नाही. ते नाव तेथे कोणास ठाऊकच नसते.