विश्लेषण : जुन्या मोटारीचे सेंट्रल लॉक का बिघडते? मोटर बदलण्याआधी काय तपासावे?

चालकाच्या दाराची किल्ली फिरवली की चारही दारे एकदम बंद व्हावीत, ही सोय आता गृहीत धरली जाते. पण गाडी दहा-बारा वर्षांची झाली की एखादे दार मागे राहते, एखादे बंद होऊन लगेच उघडते, तर कधी रिमोट दाबूनही काहीच घडत नाही. ‘मोटर गेली, बदलून टाका’ हा गॅरेजमधला नेहमीचा सल्ला. मात्र मोटर बदलल्यानंतरही काही आठवड्यांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते, असा अनुभव अनेकांना येतो. कारण जळालेली मोटर हा बहुतेकदा दोषाचा परिणाम असतो, मूळ कारण दुसरीकडेच असते. हा बिघाड किरकोळ समजून पुढे ढकलला जातो. दार आतूनही उघडेनासे झाले, तर मात्र तो जिवावर बेतू शकतो.

सेंट्रल लॉक चालते कसे?

प्रत्येक दाराच्या आत, पत्र्याच्या पोकळीत एक छोटी विद्युत मोटर असते. तिला अ‍ॅक्च्युएटर म्हणतात. सुट्या भागांच्या बाजारात तिचे नाव ‘गन’. ही मोटर प्लास्टिकच्या दातेरी चाकांच्या साह्याने एक सळई पुढे-मागे सरकवते आणि सळई दाराचे कुलूप लावते किंवा उघडते. साध्या रचनेत मोटरला दोनच वायर असतात. एका दिशेने वीज दिली की लॉक बंद होते, उलट दिशेने दिली की उघडते. वीज सतत दिली जात नाही. डॅशबोर्डखाली असलेला नियंत्रक सेकंदाहूनही कमी काळ १२ व्होल्टचा झटका देतो. ‘खट्ट’ असा जो आवाज येतो, तो याच झटक्याचा. चालकाच्या दारात एक स्विचही असतो. किल्ली फिरली किंवा नॉब दाबला गेला, हे तो नियंत्रकाला कळवतो आणि मग बाकीच्या दारांना आज्ञा जाते.

बाहेरून बसवलेल्या लॉकमध्ये वेगळे काय?

दोन हजारच्या दशकात आपल्याकडे विकल्या गेलेल्या अनेक छोट्या मोटारींच्या मूळ मॉडेलमध्ये सेंट्रल लॉक नव्हते. ते नंतर अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानातून बसवले गेले. अशा संचात चालकाच्या दारातील गनला साधारणपणे पाच वायर असतात. दोन मोटरसाठी, तीन स्विचसाठी. इतर दारांतील गनला दोनच वायर असतात. त्यामुळे मागच्या दाराचा नॉब दाबल्यावर बाकीची दारे बंद झाली नाहीत तर तो दोष नव्हे, त्या संचाची रचनाच तशी असते. या संचांतील खरा कच्चा दुवा म्हणजे जोड. वायर नुसत्या पिळून त्यावर टेप गुंडाळलेली असते. काही वर्षांत टेपचा चिकटपणा जातो, ओलावा शिरतो आणि तांब्यावर हिरवट थर चढतो. वीज अडखळू लागते आणि दोष मात्र मोटरच्या माथी मारला जातो.

लक्षणांवरून दोष ओळखता येतो का?

बऱ्याच अंशी येतो. त्यासाठी पहिला प्रश्न एकच : बिघाड एका दारात आहे की सगळ्या?

– एकही दार किल्लीने, बटणाने किंवा रिमोटने हलत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. त्यानंतर नियंत्रकाला येणारी वीज आणि अर्थिंग तपासावे. चारही मोटरी एकाच दिवशी जळणे जवळपास अशक्य.

– किल्लीने सर्व दारे बंद होतात, पण रिमोटने नाही, तर दारे उघडायची गरज नाही. रिमोटचा सेल बदलून पाहावा. अनेक रिमोटमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा सेल असतो.

– रिमोटने सर्व बंद होतात, पण किल्लीने फक्त चालकाचेच, तर चालकाच्या दारातील स्विच किंवा त्याची वायर संशयित.

– दारे बंद होऊन लगेच उघडत असतील, तर चालकाच्या दाराची सळई पूर्ण अंतर सरकत नसावी. स्विच अर्धवट राहतो आणि नियंत्रकाला उलटा संदेश जातो. इथे अनेकदा सळईची पकड नीट बसवणे एवढेच पुरते.

– एकाच दारातून आवाज येतो, पण लॉक हलत नाही, तर दातेरी चाक झिजले आहे, सळई निसटली आहे किंवा कुलूप जाम झाले आहे.

– एकाच दारातून आवाजही येत नाही, तर त्या दाराची वायर किंवा मोटर तपासावी.

– सर्व दारे मंद चालत असतील, तर आधी बॅटरी आणि अर्थिंग पाहावे.

वायर नेमकी कुठे तुटते?

दार आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये, बिजागरीजवळ, एक रबरी नळी दिसते. दाराकडे जाणाऱ्या सर्व वायर तिच्यातून जातात. दार उघडताना-मिटताना त्या प्रत्येक वेळी वाकतात. वर्षानुवर्षे हे घडले की आतले तांबे तुटते. बाहेरचे आवरण मात्र शाबूत दिसते, म्हणून दोष नजरेला पडत नाही. चालकाचे दार सर्वाधिक वेळा उघडले जाते, त्यामुळे हा दोष तिथे आधी दिसतो.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दार वेगवेगळ्या कोनांत उघडे ठेवून लॉकचे बटण दाबावे. एका कोनात लॉक चालते आणि दुसऱ्यात नाही, तर वायर तुटली आहे असे समजावे. त्याच दाराची काच किंवा स्पीकर अधूनमधून बंद पडत असेल, तर शंका आणखी बळावते. अशा वेळी नवी मोटर घालणे म्हणजे नळाला पाणी नाही म्हणून तोटी बदलण्यासारखे आहे.

मोटर खरेच जळाली का, हे कसे कळते?

यासाठी दाराचे आतले पॅड काढावे लागते. मोटरचा प्लग सोडवून त्यातील दोन वायरींना टेस्ट लॅम्प लावावा आणि दुसऱ्या कोणाला लॉकचे बटण दाबायला सांगावे. दिवा क्षणभर लुकलुकला, तर वीज येते आहे. नाही लुकलुकला, तर दोष मागे वायरमध्ये किंवा नियंत्रकात आहे. हा झटका अल्पकाळाचा असल्याने डिजिटल मीटरवर आकडा स्थिरावत नाही, साधा दिवा अधिक उपयोगी पडतो. बटण ‘बंद’ आणि ‘उघडा’ अशा दोन्ही बाजूंनी तपासावे. एकाच बाजूने दिवा लागत असेल, तर नियंत्रकातील रिले संशयित.

दुसरी तपासणी हाताने करायची असते. मोटरची सळई सोडवून कुलूप बोटाने हलवून पाहावे. ते सहज हलले पाहिजे. जड लागत असेल, तर आतले ग्रीस धुळीने घट्ट झाले आहे. मोटर दर वेळी त्या अडथळ्याशी झुंजते, तापते आणि शेवटी जळते. कुलूप साफ न करता नवी मोटर बसवली, तर तिचीही तीच गत होते. कुलपाच्या यंत्रणेवर साफसफाईचा फवारा मारून, ते पुसून, पांढरे लिथियम ग्रीस लावले की अनेकदा जुनीच मोटर पुन्हा चालू लागते. नुसते पातळ तेल फवारल्याने तात्पुरता आराम मिळतो, पण ते उडून गेले की धूळ पुन्हा चिकटते.

पावसाळ्याशी काय संबंध?

काचेच्या खालच्या बीडिंगमधून दाराच्या पोकळीत थोडे पाणी उतरतेच. रचना तशीच असते. ते दाराच्या तळाच्या भोकांतून निघून जाते. ही भोके चिखलाने बुजली की पाणी साचते आणि दमट हवेत प्लग गंजतात. पॅडमागे एक प्लास्टिकचा पडदा चिकटवलेला असतो. तो पाण्याला केबिनमध्ये येण्यापासून अडवतो. आधीच्या दुरुस्तीत तो फाडून तसाच सोडला असेल, तर पायाखालचा गालिचा ओला होतो. काही गाड्यांत तिथल्याच वायरिंगला पाणी लागते. म्हणून पॅड परत लावण्यापूर्वी हा पडदा नीट चिकटवणे हा दुरुस्तीचाच भाग समजावा. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यापूर्वी ही भोके तारेने मोकळी करून घेणे हिताचे.

दुरुस्ती करताना कोणती काळजी घ्यावी?

काच पूर्ण वर घ्यावी आणि बॅटरीची ऋण बाजू सोडवूनच पॅडला हात लावावा. वीज तपासण्यापुरतीच ती पुन्हा जोडावी. दारात एअरबॅग किंवा तिचा सेन्सर असलेल्या गाडीत हे काम जाणकाराकडेच द्यावे. पॅडचे स्क्रू हँडलमागे आणि हात टेकण्याच्या जागी लपलेले असतात. ते न शोधता ओढले तर क्लिपा तुटतात. आतल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात, हातमोजे घालावेत.

तुटलेली वायर पिळून टेप मारण्याऐवजी डाख देऊन, वर आकसणारी नळी चढवावी. जोड रबरी नळीच्या वाकणाऱ्या भागात येऊ देऊ नये, तिथे तो पुन्हा तुटतो. फ्यूज जळाला, तर तेवढ्याच अँपिअरचा घालावा. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घातल्यास वायर तापून आग लागू शकते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम झाल्यावर दार लगेच बंद करू नये. दार उघडे असतानाच स्क्रू ड्रायव्हरने कुलपाची जीभ आत ढकलून लॉकची स्थिती आणावी आणि आतले-बाहेरचे हँडल ओढून ती सुटते का, हे पाहावे. सळई लावायची राहिली असेल आणि दार मिटले, तर ते उघडणे फार अवघड होते.

दार बंद अवस्थेतच अडकले तर?

आधी आतला नॉब हाताने वर ओढून पाहावा. तो हलत नसेल, तर एकाने उघडण्याचे बटण दाबावे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने दाराच्या पॅडवर, लॉकच्या जवळ, मुठीने ठोकावे. थकलेली मोटर या धक्क्याने एकदा तरी हलण्याची शक्यता असते. हँडल ओढून धरून बटण दाबू नये, काही कुलपे त्यामुळे अधिकच अडकतात. बटण सतत दाबत राहिल्यास मोटर तापते, म्हणून काही मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. मागचे दार फक्त आतून उघडत नसेल, तर दाराच्या कडेवरील चाइल्ड लॉकचा खटका आधी पाहावा. तो लागलेला असताना दार केवळ बाहेरून उघडते.

खर्चाचे गणित काय?

बाजारात मिळणारी सुटी गन काही शेकडा रुपयांत येते. कंपनीच्या गाडीत अनेकदा मोटर आणि कुलूप एकत्र असते आणि त्याची किंमत हजारांत जाते. वायर जोडणे किंवा कुलूप साफ करणे यात मुख्य खर्च मजुरीचा. म्हणूनच ‘मोटर बदला’ असे सांगितल्यावर प्लगमध्ये वीज येते का आणि कुलूप हाताने हलते का, हे दोन प्रश्न विचारावेत. चांगला वायरिंगवाला दोन्ही गोष्टी समोर दाखवतो. बदललेला जुना भागही मागून घ्यावा.

सुरक्षेचा प्रश्न किती गंभीर?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या मोटारींची दारे-काचा न उघडल्याने आत गुदमरून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना, वीज गेली तरी सेंट्रल लॉक हाताने उघडता येण्याची सोय बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्या गाड्यांत आणि विशेषतः बाहेरून बसवलेल्या संचांत ही सोय नीट चालते का, हे मालकालाच पाहावे लागते.

तपासणीला मिनिटभर पुरते. गाडी उभी करून, आत बसून, सर्व दारे लॉक करावीत आणि प्रत्येक दार कोणतेही बटण न वापरता, केवळ नॉब आणि हँडलने उघडून पाहावे. मागच्या दारांची तपासणी करताना चाइल्ड लॉक काढून ठेवावे. गाडी वापरणाऱ्या घरातील प्रत्येकाला, मुलांनाही, हे करता यायला हवे.

सेंट्रल लॉक दुरुस्त होईपर्यंत प्रत्येक दार हाताने बंद करून गाडी खुशाल चालवता येते. बाहेरून बसवलेला संच फारच त्रास देत असेल, तर गनची सळई सोडवून पूर्वीसारखे हाताने चालणारे लॉक ठेवणे, हाही रास्त पर्याय आहे. पण जे दार लॉक झाल्यावर आतून हाताने उघडत नाही, त्याची दुरुस्ती पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत लांबवू नये.